लिंक टाकण्याआधी रेशनकार्ड विचारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका रिक्षाचालकाच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचे निदान झाले. वय एकेचाळीस. घरात बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि म्हातारी आई. एका खासगी रुग्णालयाने झडप बदलण्याचा अंदाजे खर्च लिहून दिला : साडेचार लाख रुपये. त्याच रात्री त्याच्या भाच्याने एका क्राउडफंडिंग संकेतस्थळावर मदतीचे आवाहन तयार केले आणि लिंक मला पाठवली. मी तिच्यावर दोन ओळी लिहिल्या, खाली ‘जयभीम, जमेल तेवढी मदत करा’ असे जोडले आणि चाळीसेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. आपण काहीतरी केले, या समाधानात झोपले.

अठरा दिवसांनी लिंक उघडून पाहिली. जमा रक्कम ३१,४०० रुपये. बहुतेक देणग्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या. दरम्यान त्याने बायकोचे सोने गहाण ठेवून रुग्णालयात चाळीस हजारांची अनामत भरली होती. रात्री आडवे झाले की दम लागायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसून झोपत होता. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या बायकोने चहा देता देता विचारले, “ताई, रेशनकार्डावर काही होतं का हो?”

त्यांच्याकडे केशरी रेशनकार्ड होते. त्या कार्डावर झडपेची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून मोफत होते. मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, दहा वर्षे वस्त्यांमध्ये काम करते आहे आणि हा साधा प्रश्न मी अठरा दिवस विचारला नव्हता. लिंक पुढे ढकलणे सोपे होते, म्हणून मी ते केले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये आज अशा दोन-तीन लिंक असतील. त्या खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. पण क्राउडफंडिंग हा मदतीचा शेवटचा टप्पा आहे आणि आपण त्याला पहिला करून टाकला आहे. या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून ही पद्धत चालते कशी, तिच्याआधी काय करायचे आणि ती वापरायचीच तर कशी वापरायची, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे यासाठी हा लेख.

क्राउडफंडिंग म्हणजे नेमके काय?

वर्गणी आपल्याला नवी नाही. जयंतीची वर्गणी, विहाराच्या बांधकामाची वर्गणी, कुणाच्या घरी मयत झाली तर चाळीत फिरणारी वही, हे सगळे आपण पाहिले आहे. क्राउडफंडिंग म्हणजे तीच वही इंटरनेटवर नेणे. फरक एवढाच की वही फिरवणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत होते, इथे ओळखतीलच असे नाही.

भारतात मिलाप (२०१०), केटो (२०१२) आणि इम्पॅक्टगुरू (२०१४) ही या क्षेत्रातली ठळक नावे. पद्धत साधारण सारखीच असते. रुग्णाचा नातेवाईक किंवा मित्र आवाहन तयार करतो. त्यात रुग्णाची माहिती, फोटो, आजाराचे कागद, रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक आणि ओळखपत्रे जोडतो. संकेतस्थळाची माणसे कागद तपासतात. लोक यूपीआय किंवा कार्डाने पैसे देतात. ठरवलेली रक्कम पूर्ण झाली नाही तरी जमलेले पैसे सहसा मिळतात. ते रुग्णालयाच्या खात्यात किंवा कुटुंबाच्या खात्यात वळते होतात.

हे फुकट नसते. ऑनलाइन पैसे घेण्याचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापला जातो. काही संकेतस्थळे स्वतःचे शुल्क घेत नाहीत, पण देणगीदाराला ‘टिप’ मागतात आणि टिपेची रक्कम बऱ्याचदा आधीच भरलेली असते. घाईत देणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. आवाहनाची जाहिरात करून देतो, खर्च जमलेल्या रकमेतून वळता करतो, असेही पर्याय असतात. म्हणून आवाहन सुरू करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : एकूण किती कापले जाणार, जाहिरातीचा खर्च कोण देणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार. आमच्या ३१,४०० रुपयांपैकी हातात ३०,२८८ आले.

पैसे कुणाला मिळतात?

२०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या दुर्मीळ आजारासाठी लोकांनी कोट्यवधी रुपये जमवले. स्नायूंच्या त्या आजारावरच्या एका इंजेक्शनची किंमत सोळा कोटींच्या घरात होती, आणि केंद्र सरकारने त्यावरचे आयातशुल्क व कर माफ केले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. अशा बातमीमुळे एक समज तयार होतो : मनापासून हाक मारली की लोक देतात.

जी हाक ऐकू गेली तिची बातमी होते. जी ऐकू गेली नाही ती कुणाला कळतही नाही. अमेरिकेत ‘गोफंडमी’ या संकेतस्थळावरच्या २०० वैद्यकीय आवाहनांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली जेमतेम दहा टक्के आवाहने ठरलेल्या रकमेपर्यंत पोहोचली होती. त्या अभ्यासातला मुद्दा आपल्यालाही लागू आहे. ज्याला कहाणी चांगली लिहिता येते, ज्याचा आजार लोकांना चटकन समजतो, ज्याच्या ओळखीत पगारदार माणसे आहेत, त्याला मदत मिळते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर तुमच्या फोनमध्ये कुणाचे नंबर आहेत, यावर तुमचा जीव अवलंबून राहतो.

रिक्षाचालकाच्या देणगीदारांची यादी मी नंतर नीट वाचली. स्टँडवरचे रिक्षावाले, विहारातली माणसे, त्याची बायको जिथे स्वयंपाकाला जाते त्या दोन घरांतल्या बाया, माझे कॉलेजचे मित्र. म्हणजे गरिबांनीच गरिबाला दिले होते. आयटी कंपनीतल्या एखाद्या अभियंत्यासाठी लिंक फिरली तर त्याचे पन्नास सहकारी प्रत्येकी पाच हजार देऊ शकतात आणि अडीच लाख एका दुपारी जमतात. आपल्या वस्तीत पन्नास जणांनी पोटाला चिमटा काढून दिले तरी दहा हजारांच्या वर जात नाही. दोन्हीकडे माया सारखीच असते, खिसा सारखा नसतो. ज्या विषमतेमुळे माणसाला उपचार परवडत नाहीत, तीच विषमता त्याच्या आवाहनाच्या वाटेतही आडवी येते.

देशाचा एकूण चित्रही हेच सांगते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. घट झाली ती चांगलीच गोष्ट आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून घरच्या डब्यातून, सोन्यातून किंवा सावकाराकडून येतात.

आधी हे चार दरवाजे ठोठवा

कुणी मदत मागितली की आपले पहिले वाक्य ‘लिंक पाठव’ असे नसावे. ‘रेशनकार्ड कोणते आहे?’ असे असावे.

पहिला दरवाजा : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ही सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तेव्हा यादीत १३५६ उपचार होते आणि यादी वेळोवेळी बदलते. पिवळे, केशरी आणि पांढरे अशा तिन्ही रेशनकार्डधारकांना ती लागू आहे. योजनेत असलेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी बसतो. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जायचे. पूर्वमंजुरी आली की शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटी किंवा रेल्वेचे भाडेसुद्धा योजनेत बसते. माहितीसाठी १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे टोल फ्री क्रमांक आहेत.

दोन गोष्टी पाठ करून ठेवा. एक, रुग्णालय योजनेत असले तरी प्रत्येक आजारासाठी असतेच असे नाही. म्हणून ‘ही शस्त्रक्रिया इथे योजनेत होते का’ असा नेमका प्रश्न विचारा. दोन, ही योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरून मागाहून परतावा मागण्याची सोय तिच्यात नाही. त्यामुळे दाखल होण्यापूर्वी किंवा दाखल होतानाच विचारले पाहिजे. लिंकच्या मागे घालवलेले दिवस इथे महागात पडतात.

दुसरा दरवाजा : धर्मादाय रुग्णालये. मोठमोठ्या काचेच्या इमारतींतली अनेक रुग्णालये कागदोपत्री सार्वजनिक विश्वस्त संस्था आहेत आणि त्यांना सरकारकडून सवलती मिळालेल्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत आणि दुर्बल म्हणजे ३,६०,००० रुपयांपर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. खाट नाही असे सांगितले तर तोंडी उत्तरावर परतू नका. लेखी मागा, रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या.

तिसरा दरवाजा : डॉ. आंबेडकर वैद्यकीय सहाय्य योजना. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखालील डॉ. आंबेडकर प्रतिष्ठान ती राबवते. आपल्याच लोकांसाठी असलेली ही योजना आपल्याच कार्यकर्त्यांना फारशी माहीत नाही, हे मला वारंवार दिसते. अनुसूचित जाती-जमातींच्या, वार्षिक तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या रुग्णाला गंभीर आजारासाठी तिच्यातून मदत मिळते. हृदयशस्त्रक्रियेला १.२५ लाख, कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनला १.७५ लाख, मेंदूच्या शस्त्रक्रियेला १.५० लाख, मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया, डायलिसिस आणि अवयव प्रत्यारोपणाला ३.५० लाख, अशा तिच्या कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत. पैसे थेट रुग्णालयाला जातात आणि अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी करावा लागतो. अर्ज भरताना त्या दिवशी लागू असलेले नियम आणि रुग्णालयांची यादी पाहून घ्या.

इथे जातीच्या दाखल्याचा प्रश्न येतो. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. त्या हक्कासाठी आधीच्या पिढीने वर्षानुवर्षे आंदोलने केली. पण आजही कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते आणि अनुसूचित जातीचा दाखला काढलेलाच नसतो, किंवा तो फक्त राज्याच्या नमुन्यात असतो. माणूस अतिदक्षता विभागात असताना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फेऱ्या मारणे शक्य नसते. केंद्राच्या नमुन्यातला दाखला घरात तयार असणे हीसुद्धा आरोग्याची तयारी आहे.

चौथा दरवाजा : सहाय्यता निधी, बालकांची योजना आणि सार्वजनिक रुग्णालये. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून गंभीर आजारांना मदत मिळते. मुख्यमंत्री निधीचा अर्ज उपचार सुरू असतानाच करायचा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणी होऊन जन्मजात हृदयदोषासारख्या आजारांवर त्यातून मोफत शस्त्रक्रिया होतात. आणि महापालिकेची व सरकारी मोठी रुग्णालये विसरू नका. तिथे गर्दी आहे, थांबावे लागते, हे खरे. पण तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात बसणाऱ्या समाजसेवकाकडे रुग्णांना मदत करणाऱ्या ट्रस्टची माहिती असते. कोणता ट्रस्ट कशाला पैसे देतो, कोणता कागद लागतो, हे त्यांना ठाऊक असते. तो विभाग शोधा.

मग खरी तूट मोजा

आमच्या रिक्षाचालकाला आम्ही अंगीकृत रुग्णालयात हलवले. मंजुरी आली, झडप बदलली गेली आणि त्या शस्त्रक्रियेचा एक रुपयाही द्यावा लागला नाही. मग प्रश्न आला : साडेचार लाखांच्या आवाहनाचे काय?

आम्ही तिघे-चौघे त्याच्या घरी वही घेऊन बसलो आणि योजनेबाहेर काय उरते ते लिहिले.

मंजुरीआधीच्या तपासण्या आणि औषधे : ९,५०० रुपये
बायको आणि भाच्याचे येणे-जाणे, जेवण : ११,००० रुपये
रिक्षाच्या कर्जाचे तीन हप्ते : २१,६०० रुपये
तीन महिन्यांचा घरखर्च : २४,००० रुपये
रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि रक्ततपासणी, सहा महिने : ९,००० रुपये

एकूण ७५,१०० रुपये. साडेचार लाख नव्हे. भाच्याने आवाहनातली रक्कम बदलली, हा हिशेब तसाच टाकला आणि वर लिहिले की शस्त्रक्रिया योजनेतून होत आहे, पैसे या पाच गोष्टींसाठी लागतील, कुणाला आपली देणगी परत हवी असेल तर कळवावे. एकाने पाचशे रुपये परत मागितले, ते दिले. बाकीचे कुणी मागितले नाहीत. उलट अकरा दिवसांत उरलेली रक्कम पूर्ण झाली. जयंती मंडळाने शिल्लकीतून पंधरा हजार दिले, रिक्षा स्टँडने एका दिवसाची कमाई दिली. साडेचार लाखांपुढे आपले शंभर रुपये कुठे पुरणार, असे वाटून जे गप्प बसले होते, त्यांनाही पंचाहत्तर हजारांत आपला वाटा दिसला.

आजारपणाचा खर्च म्हणजे फक्त रुग्णालयाचे बिल नव्हे, हे आपल्याला या यादीतून कळले पाहिजे. रोजंदारीवरचा माणूस अंथरुणाला खिळला की घरात येणारा पैसा त्याच दिवशी थांबतो. त्या तुटीला कोणतीही योजना हात लावत नाही. वर्गणीची खरी जागा तिथे आहे.

आवाहन करायचेच तर

काही वेळा चारही दरवाजे बंद निघतात. आजार यादीत नसतो, रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसतो किंवा औषध योजनेबाहेरचे असते. तेव्हा आवाहन करावेच लागते. ते करताना एवढे पाळावे.

आवाहनात रुग्णालयाचे नाव, विभाग, अंदाजपत्रकाची तारीख आणि कोणत्या योजनांकडे अर्ज केला व काय उत्तर आले, हे लिहा. ‘सगळीकडे फिरलो, काही झाले नाही’ असे मोघम लिहू नका.

शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील अशी व्यवस्था निवडा. एकाच रुग्णासाठी दोन-तीन क्यूआर कोड फिरवू नका. जुन्या आवाहनातला क्यूआर बदलून स्वतःचा लावणारे भामटे आहेत. पैसे देणाऱ्याने यूपीआयवर दिसणारे नाव वाचावे आणि शंका आली तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात फोन करून खात्री करावी.

नळ्या लावलेला, अर्धवट कपड्यातला रुग्णाचा फोटो टाकू नका. लहान मुलांचे, तसेच एचआयव्ही किंवा मानसिक आजार असलेल्या रुग्णांचे बाबतीत तर अधिकच जपा. रुग्ण शुद्धीत असेल तर त्याला विचारा : तुझे नाव टाकू का, फोटो टाकू का, आजार सांगू का? माणूस बरा होऊन परत वस्तीत राहणार असतो. त्याच्या मुलीला शाळेत तोच फोटो कुणीतरी दाखवणार असतो.

करांचेही भान ठेवा. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणगीदाराला ‘८०जी’ची करसवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत आणि त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. दुसरीकडे, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून खात्यात आली तर ती करपात्र उत्पन्न ठरू शकते. म्हणून प्रत्येक बिल, पावती आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि रक्कम मोठी असेल तर सीएचा सल्ला घ्या.

आणि शेवटी हिशेब द्या. रुग्ण बरा झाला तरी द्या आणि दगावला तर तर नक्की द्या. उरलेले पैसे कुणाला जाणार, हे आवाहनातच लिहून ठेवा. ज्या गटाने एकदा हिशेब दिला नाही, त्याच्या पुढच्या रुग्णाला त्याची शिक्षा होते.

विहाराचा आजारी निधी

प्रत्येक रुग्णामागे नवी लिंक, नवी धावपळ आणि नवी अजीजी करण्यापेक्षा एक कायमचा छोटा निधी जास्त उपयोगी पडतो. साधा हिशेब करू. वस्तीतल्या १२० घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर महिन्याला सहा हजार आणि वर्षाला बहात्तर हजार होतात. म्हणजे वर मांडलेल्या यादीएवढी जवळजवळ पूर्ण तूट दर वर्षी एका घराची भागते, किंवा दहा-बारा घरांचा पहिल्या आठवड्याचा तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च निघतो. बाबासाहेबांनी सांगितलेल्या विसाव्या हिश्श्याची आठवण आपण भाषणांत नेहमी काढतो. पन्नास रुपये म्हणजे हजाराचा विसावा हिस्सा.

निधीचे खाते वेगळे असावे, दोघांच्या सहीने पैसे निघावेत आणि त्यात एक महिला असावी. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर जमाखर्च वाचून दाखवावा, रुग्णाचे नाव न घेता. विहार समितीची ट्रस्ट म्हणून नोंदणी असेल तर उत्तम. नोंदणी नसलेल्या मंडळाने जाहीर वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. जयंतीसाठी मंडळे ती घेतातच.

पैशांइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे कागद. वर्षातून एकदा, जयंतीच्या आधी किंवा वर्षावासाच्या काळात, विहारात कागदपत्रांचे शिबिर घ्या. रेशनकार्डावर सगळ्यांची नावे आहेत का, नव्या सुनेचे नाव चढले का, आधारकार्ड आणि रेशनकार्डावरचे नाव जुळते का, आयुष्मान कार्ड निघाले का, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आहे का, हे घरोघरी तपासा. नावातल्या एका काना-मात्रेमुळे मंजुरी अडकलेली मी पाहिली आहे. प्रत्येक विहारात दोन तरुण आणि दोन तरुणी असे चौघे जण तयार झाले, ज्यांना जवळची अंगीकृत आणि धर्मादाय रुग्णालये, आरोग्यमित्र आणि समाजसेवा विभाग ठाऊक आहेत, तर निम्म्या लिंक तयारच कराव्या लागणार नाहीत.

तो आपल्या उपयोगाचा होता का?

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी इतर भिक्खूंना विचारले की याची शुश्रूषा कुणी का केली नाही. उत्तर आले की तो आमच्या काही उपयोगाचा नव्हता. त्यावर बुद्धांनी तो भिक्खू किती गुणी आहे, हे पटवून दिले नाही. त्यांनी जबाबदारी ठरवून दिली. आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, आणि कुणीच नसेल तर संघाने शुश्रूषा करायची.

क्राउडफंडिंग रुग्णाला नकळत उलट प्रश्न विचारते. तू किती उपयोगाचा आहेस, किती होतकरू आहेस, तुझी कहाणी किती रडवते, ते सिद्ध कर, मग आम्ही ठरवतो. दारू पिणारा, तुसडा, निपुत्रिक म्हातारा या परीक्षेत कधीच पास होणार नाही. पण उपचाराचा हक्क त्यालाही आहे. शासनाकडून तो हक्क वसूल करणे आणि उरलेली तूट संघ म्हणून आपण भरणे, ही दोन्ही कामे आपली आहेत. पहिले काम सोडून दुसरे करत राहिलो तर शासनाची जबाबदारी आपणच गरिबांच्या शंभर-शंभर रुपयांवर ढकलतो.

रिक्षाचालक आता परत रिक्षा चालवतो. दर महिन्याला रक्त तपासायला जातो. पहिल्या रुग्णालयाने चाळीस हजारांच्या अनामतीतून तपासण्या आणि खाटेचे २६,००० कापून घेतले, चौदा हजार परत दिले. त्या पैशासाठी गहाण ठेवलेले सोने हा लेख लिहीपर्यंत सुटलेले नाही. दर महिन्याला व्याज जाते. पहिल्याच रात्री मी रेशनकार्ड विचारले असते तर ते सोने बायकोच्या अंगावर असते. तुमच्या फोनवर पुढची लिंक येईल तेव्हा ती पुढे पाठवण्याआधी त्या घरी एक फोन करा.